होडीचं, कंदिलाचं, तीन चिमण्यांचं

सुनेनं सगळी गाणी एकदम निवडली, एक कळ दाबली, आणि सहाशे बारा गाण्यांमागची चित्रं एका दमात निळी झाली. होड्या गेल्या, कंदील गेले, चिमण्या, पूल, कुणाच्या तरी दारातली सायकल, सगळं बुडालं. पडद्यावर उरला निळा रंग आणि त्यावर ठसठशीत पांढरी अक्षरं.

"झालं, बाबा," ती खुर्चीतून उठत म्हणाली. "आता बसा. बघा कसं लख्ख झालंय."

सासरे बसले. चर्चच्या माळ्यावरची ती प्लायवूडची खोली, समोर भिंतभर काच, काचेतून खाली दिसणारे बाक. अकरा वर्षं उपासनेत गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवायचं काम त्यांचं. पहिली आठ वर्षं शेजारच्या स्टुलावर सासूबाई असायच्या. त्या जाऊन तीन वर्षं झाली, तरी स्टूल तिथंच होतं. त्यावर आता कुणी बसत नसे.

आणि महिन्याभरापूर्वी कॉम्प्युटर म्हणजे नुसता उकिरडा. अकरा हजार फायली. एकाच गाण्याच्या नऊ-नऊ प्रती. 'शेवटचं', 'शेवटचं खरं', 'आता हेच'. गाण्याला पहिल्या ओळीचं नाव देण्याची रीत सासूबाईंना मान्य नसावी. त्यांनी एका बोटानं टाइप केलेली नावं होती 'होडीचं', 'कंदिलाचं', 'तीन चिमण्यांचं'. जसं मागचं चित्र, तसं नाव. सून इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात कामाला. ते बघूनच तिच्या अंगावर काटा यायचा.

कमिटीनं ठराव केला होता. एका गाण्याची एकच प्रत, आणि शब्दांमागं एकच रंग. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना होडीच्या शिडात अक्षरं दिसत नाहीत, ही तक्रार काही खोटी नव्हती. ठरावात न लिहिलेली गोष्ट वेगळीच होती. गेल्या महिन्यात एका माणसाच्या अंत्यविधीच्या उपासनेत पडद्यावर नवरानवरी हसत उभी राहिली. अंत्यविधीची आणि लग्नाची, दोन्ही फायलींच्या पहिल्या पानावर पांढरी फुलं होती. लग्नाचे फोटो कमिटीच्या चिटणिसांनीच घातले होते, पण कळ दाबली सासऱ्यांनी. मग बोट कुणाकडे दाखवायचं हे काय सांगायला हवं?

"उद्या जर का परत गोंधळ झाला ना," सकाळी जिना चढताना सासरे म्हणाले होते, "तर खुर्ची जाईल माझी. हात चालतायत तोवर मी ती कुणाला देत नाही, सांगून ठेवतो."

म्हणून तर ती चार शनिवार इथं घालवून बसली होती. त्यांची खुर्ची वाचावी म्हणून.

खालून गायनमंडळाच्या बाई ओरडल्या, "काका, सरावाला होडीचं घ्या हो!"

सासऱ्यांचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला. समोर छोट्या छोट्या निळ्या चौकटींच्या रांगा. ते आयुष्यभर घरं रंगवत आलेले. त्यांनी त्या रांगांकडं बघितलं आणि हसले.

"अख्ख्या इमारतीला एकच डबा वापरलास की गं, पोरी."

"खाली नावं आहेत ना, बाबा. पहिल्या ओळीनं, अक्षरांच्या क्रमानं लावलीत. वाचा की."

त्यांनी एक चौकट दाबली. पडद्यावर भलतंच गाणं आलं. दुसरी दाबली, तेही भलतंच. तिसऱ्या वेळी खाली कुणीतरी हसलं.

"काका, होडी बुडाली काय?"

"मशीन बिघडलंय," सासरे म्हणाले. कानामागून घामाचा ओघळ आला तो त्यांनी पुसला नाही.

वय झालं, तिच्या मनात आलं. विसरतायत. तिनं हात पुढं करून गाणं लावून दिलं. गाणं सुरू झालं तशी त्यांची बोटं ताळ्यावर आली. ते पडद्याकडं बघतच नव्हते. काचेतून खाली गाणाऱ्यांच्या तोंडांकडं बघत होते, आणि ओळ संपायच्या पाव श्वास आधी नेमकी कळ दाबत होते. एकदाही चुकले नाहीत. विसरणारा माणूस असा असतो होय?

सराव संपला आणि चिटणीस वर आले. पूर्वी शाळा तपासायचे. वाईट माणूस नव्हे. सासूबाईंच्या आजारपणात डबा पोचवणाऱ्यांत ते होते. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि तोंडावर कसनुसा भाव.

"काका, निवांत वाचा. घाई नाही. तुमचा मान राखूनच लिहिलंय, पण एखादा शब्द खटकला तर सांगा, बदलू."

सासऱ्यांनी कागद हातभर लांब धरला. त्यांची नजर वरून सुरू झाली आणि सरळ खाली आली. डावीकडून उजवीकडं नाही. गिलावा केलेली भिंत तपासावी तशी, वरून खाली एकदाच. मग त्यांनी मान डोलवली.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "बरोबर आहे सगळं. सही कुठं?"

चिटणीस बघतच राहिले. एवढं सोपं जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढून जागा दाखवली.

सुनेनं सासऱ्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'वय व प्रकृती यांमुळे मी पडद्याच्या कामातून स्वखुशीने निवृत्त होत आहे.'

आणि सासरे हसत होते. शाबासकी मिळाल्यासारखे.

रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी ती अशी माणसं रोज बघत होती. फॉर्म लांब धरायचा, मान डोलवायची, सही कुठं एवढंच विचारायचं. पोट फाडायची परवानगी देतानासुद्धा. जगानं अक्षर न आलेल्या माणसाला एवढं ओशाळं करून ठेवलंय, की तो आपल्याच मुळावर आलेल्या कागदाला छान म्हणेल पण वाचून दाखवा म्हणणार नाही. खिडकीतल्या माणसांना ती वाचून दाखवायची. पण घरात नऊ वर्षं एका पंगतीला जेवून तिला कळलं नव्हतं. सासूबाईंनी कळूच दिलं नव्हतं. अकरा हजार फायलींचा तो उकिरडा म्हणजे एका बाईनं आपल्या नवऱ्यासाठी उभी केलेली चित्रांची बाराखडी होती, आणि ती सुनेनं आज एका कळीनं पुसली होती.

पेन कागदाला टेकलं.

"थांबा," तिनं कागद खालून ओढून घेतला. "यात चूक आहे."

"कुठं?" चिटणीस दचकले. "दोनदा तपासलाय मी."

"कागदात नाही, माझ्यात. आज गाणी सापडली नाहीत ती माझ्यामुळं. मी सगळ्याला सरसकट रंग फासला. जुनी प्रत आहे माझ्याकडं. शब्दांमागं निळाच राहील, तुमचा ठराव मोडत नाही. फक्त गाण्याच्या आधी एक चित्राचं पान घालते. ते लोकांना दिसणार नाही, इथं आम्हालाच दिसेल. उद्याची आठ गाणी तेवढी करते. तासाभरानं या आणि त्यांतलं कुठलंही मागा."

"अहो, पण काकांनी तर आत्ता मान्य..."

"तासाभरानं, साहेब."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी चिटणीस पेन खिशाला लावून खाली गेले.

तिनं सासूबाईंचं स्टूल ओढलं आणि बसली. सासरे काचेकडं तोंड करून होते.

"पहिलं गाणं," ती म्हणाली आणि पहिली ओळ वाचली.

 सासरे न वळता म्हणाले, "होडी. शिडाची. वल्ह्याची दुसरी आहे, ती नको."

तिनं होडी शोधून लावली. दुसऱ्या गाण्याची ओळ वाचली. कंदील. तिसऱ्याची वाचली. चिमण्या, पण तीन, दोन नव्हेत. ती वाचत गेली, ते सांगत गेले. सहाव्या गाण्याला ते अडले. ते गेल्या वर्षी आलेलं. त्याला चित्र निवडायला कुणी नव्हतंच.

"हे तुम्हीच ठरवा, बाबा."

"मला काय कळतं त्यातलं. तिचं काम ते."

"मग राहू दे निळं?"

"नको." त्यांनी डोळे मिटून गाणं गुणगुणलं, अख्खं कडवं. "शिडी लाव. रंगाऱ्याची, लाकडी. पुढचं घे."

आठही झाली. त्यांनी एकेका चौकटीवरून बोट फिरवलं. होडी, कंदील, चिमण्या, शिडी. पाठ थोडी सरळ झाली. मग तिच्याकडं न बघता त्यांनी विचारलं,

"त्या कागदात काय होतं?"

तिच्या तोंडाशी दोन-तीन खोट्या गोष्टी आल्या, सगळ्या प्रेमळ. तिनं कागद उलगडला आणि तारखेपासून खालच्या रिकाम्या रेघेपर्यंत, एक शब्द न गाळता वाचला.

"आणि मी छान लिहिलंय म्हणालो?"

"हो."

सासऱ्यांच्या पोटातून हसू आलं. ती पण हसली. हसता हसता ते खोकले.  

जिन्यावर चिटणिसांची पावलं वाजली. ती स्टुलावरून उठायला लागली, तसा सासऱ्यांनी तिचा हात मनगटाशी धरला.

"बस," ते म्हणाले. "तिथंच बस."