चर्चच्या धान्यकोठीतला वजनकाटा

मी वजनकाटा. गोल चेहरा, त्यावर एक लाल काटा, डोक्यावर पत्र्याचं ताट. दिसायला मी भोळा आहे आणि तेच माझ्या पथ्यावर पडलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी धुतल्या तांदळासारखा होतो, खरंच सांगतो. पण ज्या किराणा दुकानदाराने मला घेतलं, त्याने वर्षभरातच माझ्या पोटातली स्प्रिंग सैल करून घेतली. ताट रिकामं असलं की मी शून्यावर, अगदी सज्जन. माल पडला की लागलो बढाया मारायला. नऊशे ग्रॅमला मी बेधडक किलो म्हणायचो. पिशवी हाताला हलकी लागली तरी गिऱ्हाईक काट्याकडे बघून मान डोलवायचं. माणसांचा स्वतःच्या हातावर विश्वास का नसतो, कोण जाणे!

दुकान बंद झालं, तेव्हा त्याने मला चर्चच्या धान्यकोठीला दान केलं. वर म्हणाला, "तेवढंच पुण्य."

इथे दर शनिवारी गरजू कुटुंबांना धान्य देतात. काम करणारे सगळे बिनपगारी. पोती उचलायला ड्रायव्हरकाका, आयुष्यभर बस चालवलेले. वजन करायला मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाई एक दाणाही इकडचा तिकडे होऊ देत नसत. काटा रेषेवर येईपर्यंत चार दाणे टाकायच्या, दोन काढायच्या. त्यांच्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोत्याच्या तळाशी मात्र दर वेळी धान्य उरायचं. बाई हात जोडायच्या. "बघा काका, देव कसा पुरवतो!"

असे सात महिने गेले. मग एका शनिवारी लाँड्रीत कपडे धुणारी एक आई पिशवी घेऊन उभी राहिली, ती पुढे सरकेचना. घरी तीन मुलं, कमावणारी ही एकटी.

"बाई, राग मानू नका. पण तांदूळ कमी भरतोय."



"कमी? तुमच्या डोळ्यांदेखत दोन किलो तोललाय!"

"दुकानातून दोन किलो आणायचे, तेव्हा माझ्या दहा वाट्या भरायच्या. इथला नऊतच आटपतो. दोन महिने मोजतेय."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात नियम होता : वाद घालणाऱ्याचं कार्ड रद्द. त्यांनी हात पुढे केला. "कार्ड द्या इकडे."

कार्ड गेलं की दर शनिवारचं धान्य गेलं. तरी लाँड्रीवालीने कार्ड दिलं आणि फळीवरच्या साखरेकडे बोट दाखवलं. "रद्द करा हवं तर. आधी ते किलोचं सीलबंद पुडकं काट्यावर ठेवा."

"ठेवा की," ड्रायव्हरकाका म्हणाले. "दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे."

बाईंनी पुडकं ठेवलं. एवढी वर्षं मला खरं बोलायची आस होती. आज मात्र मी मनातून घाबरलो. नेमका आजच खरा वागलो तर ही लाँड्रीवाली खोटी ठरेल! काटा निघाला. हजाराच्या रेषेपाशी रेंगाळतोय असं वाटलं. माझा जीव टांगणीला लागला. काटा पुढे सरकला आणि अकराशेवर थांबला.

बाईंनी दुसरं पुडकं ठेवून पाहिलं. अकराशे. तिसरं ठेवलं. पुन्हा अकराशे.

"म्हणजे तळाशी उरायचं ते यांचंच होतं," बाई पुटपुटल्या. त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड परत केलं. "मला माफ करा."

"तुम्ही तर इमानाने तोललंत. चुकलं माझं." लाँड्रीवाली मटकन पोत्यावर बसली. "तांदूळ पुरेना, तेव्हा मी थोरलीवर हात उचलला. म्हटलं, मी कामावर गेले की तूच चोरून खातेस. पोर तेव्हापासून अर्ध्या ताटावरून उठते."

काकांनी तिची पिशवी गच्च भरली. पण मला ते शब्द विसरता येत नाहीत.

आता नवा काटा आलाय आणि मी मागच्या दाराशी भंगारात पडून आहे. मला खुशाल मोडीत घाला, माझी तक्रार नाही. पण त्याआधी एकदा त्या पोरीला इथे घेऊन या. माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगा, "बाळ, चोर हा होता. तू पोटभर जेव."