एक्स्चेंजमध्ये गेलेली गादी

वास येतो का, स्प्रिंग टोचते का, मधे दबलीय का, असं सगळं विचारून झालं आणि समोरचे काका प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणाले, तेव्हा फिरकीनं पेन कानावर ठेवलं. गाद्यांच्या दुकानात तक्रारीच्या टेबलावर तो बावीस वर्षं बसत होता. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी लागायचं, उरलेला महिनाभर तो फिरकीच. गिऱ्हाईक तापून यायचं, ह्यानं चार टोले हाणले की हसत जायचं, मग दुरुस्ती होवो न होवो.

"मग काका, गादीनं तुमचं वाकडं काय केलं?"

"ती हलत नाही," काका म्हणाले.

बिलं करणारी मुलगी मान खाली घालून हसली. फिरकीला तर लॉटरीच लागली. हलणारी गादी हवी असेल तर दुकान चुकलात, भूत उतरवणाऱ्याला गाठा, असं त्यानं ठोकून दिलं.

काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर दुकानादुकानातून तराजू तपासत फिरलेले. बोलायचेही मोजून. त्यांनी सांगितलं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी ते लेकीकडे गेले होते. तेवढ्यात मुलानं आणि सुनेनं कौतुकानं ही नवी गादी घेतली आणि जुनी, निळ्या पट्ट्यांची, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं की शेजारच्यानं कितीही कूस बदलली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. ते अगदी खरं निघालं. तक्रार तीच होती.

"दोन वर्षं झाली बायकोला जाऊन," काका म्हणाले. "तरी जुन्या गादीवर ती रोज कूस बदलायची. काटा केसभर हलला तरी मला कळतं, त्यातच हयात गेली माझी. ह्या गादीवर पंधरा दिवस ती आलीच नाही. नवी ठेवून घ्या, पैसेही नकोत. जुनी द्या."

भंगाराची गाडी आली आणि माल गेला, एवढं बोललं की मिटलं असतं. हे वाक्य फिरकीनं शंभर जणांच्या तोंडावर मारलं होतं. पण निळे पट्टे म्हटल्याबरोबर त्यानं कानावरचं पेन काढून टेबलावर ठेवलं.

कारण एक्स्चेंजची गादी गोदामात आली की ती लांबलचक चिरायची, असा दुकानाचा दंडक होता. नाहीतर कुणीतरी नवा अभ्रा चढवून तीच परत विकायचा. चिरायचं काम फिरकीनं हौसेनं अंगावर घेतलेलं. तोंडाला रुमाल बांधून तो त्याला ऑपरेशन म्हणायचा आणि हमाल खो खो हसायचे. निळ्या पट्ट्यांच्या गादीला एका बाजूला उथळसा खळगा होता. त्यात तो आडवा पडला होता, बायकी आवाजात कण्हून दाखवलं होतं, आणि मग नेमकी तीच बाजू चिरली होती.

"संध्याकाळी घरी थांबा," तो काकांना म्हणाला आणि गोदामाकडे निघाला.

गोदामात गाद्यांची थप्पी छताला टेकली होती. आजवर त्याला तो नुसता माल दिसायचा. आज खळगे दिसले. कुठे दोन, कुठे एकच, एका ठिकाणी दोघांच्या मधे टीचभर तिसरा. निळी गादी तळाला होती. त्यानं ती उपसली. वरचं कापड आणि कापूस फाटला होता, स्प्रिंगा धड होत्या. दाभण आणि दोरा घेऊन तो जमिनीवर बसला. मालक डोकावून म्हणाले, आता ह्यात काय नवीन सोंग? फिरकीकडे मालकासाठी कायम उत्तर तयार असायचं. आज तो म्हणाला, "तक्रार आहे," आणि टाका ओढला.

मधेच एकदा गादीचं पलीकडचं टोक जरासं उचललं गेलं. तिकडे कुणी नव्हतं. दाबलेली स्प्रिंग सुटली असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि चिरेत घातलेला हात बाहेर काढून घेतला. मग पुन्हा दाभण उचललं. घोरण्यापायी अकरा वर्षं तो घरात बाहेरच्या खोलीत झोपत होता. आपली बायको कूस कशी बदलते, हे त्याला काही केल्या आठवेना.

दिवेलागणीला टेम्पोवाल्याच्या मदतीनं त्यानं गादी तिसऱ्या मजल्यावर चढवली. परत न्यायची नवी गादी घेऊन टेम्पोवाला खाली गेला. मुलगा-सून कामावरून यायचे होते. काकांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि अर्ध्यावर थांबले.

"मीच चिरली," फिरकी म्हणाला. "नियम आहे. पण मी चेष्टा करत चिरली काका."

"टाके कुणी घातले?"

"मीच."

"बारीक आहेत," काका म्हणाले.

मग ते आपल्या बाजूला आडवे झाले, डोळे मिटले आणि मोकळ्या, शिवलेल्या बाजूवर तळहात उपडा ठेवला. फिरकी दाराशी उभा. इतका वेळ गप्प राहायची त्याला सवय नव्हती. काहीच होत नव्हतं. शिवणीनं गादी आवळली गेली असेल, आपण कायमची बिघडवली असेल, असं त्याला वाटायला लागलं.

शिवणीतला एक टाका कुरकुरला. शिवलेली बाजू सूतभर दबली, की त्याला तसं वाटलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"दार ओढून घ्या," ते पुटपुटले. "हळू."

चपला हातात घेऊन फिरकी तीन जिने उतरला. टेम्पोवाल्यानं किल्ली फिरवायला हात नेला तर ह्यानं त्याचं मनगट धरलं आणि वर बोट दाखवलं. टेम्पोवाल्याला वाटलं, ह्याचा नेहमीचाच काहीतरी चावटपणा. पण फिरकीचा चेहरा पाहून तो मुकाट्यानं खाली उतरला, आणि दोघांनी टेम्पो ढकलत कोपऱ्यापर्यंत नेला.