एक, मग दोन

कोंडूचं रिचार्जचं कूपन नाण्यानं खरवडता खरवडता हरेशचा हात थांबला.

"अरे, नंबर काढतोस का विहीर खणतोस?" कोंडू म्हणाला, आणि त्यानं मागं वळून बघितलं. टपरीसमोर रुपा उभी होती, भिमा जीपवाल्याची बायको. भिमाला जाऊन अजून महिनाही उलटला नव्हता. कोंडू कूपन उचलून मुकाट्यानं सटकला.

"बसा वहिनी."

ती बसली नाही.

आता हरेशची टपरी म्हणजे साधीसुधी नव्हे! दोन हजार पाच साली डोळखांबच्या नाक्यावर मोबाइल आणला तो यानंच, आणि युक्ती काढली तीही यानंच. शहापूरच्या वाटेवर ओढ्याची फरशी लागते, पाण्यालगतचा बुटका पूल, तिच्याजवळच्या पाड्यात मंगळू राहायचा, रुपाचा भाऊ. शहापूरहून आलेल्या जीपनं फरशी ओलांडली की मंगळूचा एक मिसकॉल. जीप भरलेली असली तर दोन. आणि फरशीवर पाणी चढलं तर लागोपाठ तीन, म्हणजे इकडची एकही गाडी सोडायची नाही. मिसकॉल आला रे आला की हरेश फळ्यावर लिहून मोकळा, आणि वरच्या पाड्यांतल्या बाया फळा विचारून ठरवायच्या, थांबायचं की चालत सुटायचं. काय रुबाब होता पोराचा!

भिमा गेला त्या दिवशी पाऊस असा, की नाक्यावर चिटपाखरू नाही. एक मिसकॉल आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन. हरेशला वाटलं, एक जीप येतेय आणि तिच्या मागं दुसरी, भरलेली. म्हणजे वाट चालू. तेवढ्यात भिमानं रिकाम्या जीपमधून मान बाहेर काढली.

"काय रे, जाऊ का?"

हरेशनं आतूनच हात हलवला. जा.

त्या दोन जीपा आल्याच नाहीत. संध्याकाळी भिमाची जीप फरशीखाली खडकाला अडकलेली सापडली, तेव्हा हरेशला कळलं, मधे रेंज गेली होती. ते एक आणि दोन नव्हते. तीन होते.

कुणाला म्हणजे कुणाला त्यानं हे सांगितलं नाही. पण तेव्हापासून मोजणं थांबेना. कुकरची एक शिट्टी झाली की घास हातात धरून तो पुढच्या दोनची वाट बघायचा. कुणी दार ठोठावलं तरी मोजायचा. खिशात फोन थरथरायचा, काढून बघावा तर गप्प. एकदा तर फोन टपरीत ठेवून तो आंघोळीला बसला, आणि उघड्या मांडीवर थरथरलं. एकदा. थांबून दोनदा.

"मंगळू जेवत नाय रे," रुपा म्हणाली. "घास घेतो नि तसाच ठेवतो. बोलतो, रेंज गेली, माजे दोनच लागले, तिसरा गेलाच नाय, मीच खाल्ला भावजींना. काल फरशीवर जाऊन उभा होता. मी हाताला धरून आणला."

हरेश नाणं बोटांत फिरवत राहिला.

"तू सांग ना. तुज्याकडं किती आले?"

दोन म्हणायला काय लागत होतं? मंगळू तेच म्हणत होता, सगळ्यांनी तेच धरलं होतं. हरेशच्या जिभेवर 'दोन' आलंसुद्धा.

"तीन," तो म्हणाला. "तिनी लागले, वहिनी. मधी थांबून आले. मला वाटला, वाट चालू हाय. भिमादादानं मला इचारलं आणि मी..."

रुपानं हात वर केला. तो हात तसाच कितीतरी वेळ वर होता, आणि हरेशला ती मारते की काय असं वाटलं, आणि मारलं तर बरं असंही वाटलं.

"टपरी बंद कर."

"वहिनी, ऐका तरी..."

"आदी मंगळूला सांग. त्याच्यासमोर उभा राहून बोल, तीन लागले. त्याला जेवू दे." तिनं पदर कमरेला खोचला. "माजा मी तुला मागून इचारीन."

आणि ती चालायला लागली. हरेशनं कशीबशी फळी लावली आणि मागोमाग निघाला. मंगळूच्या पाड्यापर्यंत तासाभराची वाट. तेवढ्या वाटेत, तो येतोय की नाही हे बघायला, रुपा एकदाही मागं वळली नाही.