बुधवार पोनची रात्र

"बुधवार पोन," पाक दिर्जो म्हणाले आणि त्यांनी सेराबीभोवतीचं, तांदळाच्या घावनाभोवतीचं, केळीचं पान उलगडलं. "गाणं क्रोंचोंग. गाणारी बाई. नाव माहीत नाही. शोध."

वेनिंगने संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटींत एकेक खूण केली. वार बुधवार, बाजार पोन, प्रकार क्रोंचोंग, गायिका अज्ञात. तिने कळ दाबली. चाक फिरलं, थांबलं आणि खाली एकच ओळ उमटली: काहीही सापडलं नाही.

सकाळपासूनचा हा एकोणिसावा प्रश्न होता. आधीचे अठरा तिच्या फिल्टरने झटक्यात सोडवले होते आणि दर वेळी म्हाताऱ्याने नुसतं "हं" केलं होतं.

"वर्ष कोणतं, पाक?"

"मी गिऱ्हाईक आहे असं समज. गिऱ्हाइकाला वर्ष माहीत असतं, तर तुझ्या या गाळणीची गरजच काय होती?"

बोलणं खोचक होतं, पण खरं होतं. सोलो गावातल्या या रेडिओ केंद्राच्या तळघरात अकरा हजार टेपा होत्या, आणि त्या मागायला येणारं माणूस कधी तारीख घेऊन येत नसे. एखादी आजी यायची आणि सांगायची, माझ्या भावाने बासरी वाजवली होती, सोमवार लेगी होता, आमच्याकडे भाताची कापणी चालली होती. सात वार आणि पाच दिवसांच्या चक्रातले पाच बाजार, लेगी, पहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि पस्तीस दिवसांनी तीच जोडी परत येते. जन्म, लग्न, मरण, सगळं माणसं या जोडीनेच लक्षात ठेवतात. पाक दिर्जो मग बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत, आत जात आणि टेप घेऊन येत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते रोज येत होते, कारण त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

आता सगळ्या टेपा संगणकात चढल्या होत्या. संग्रहाची प्रणाली बाहेरून आली होती. तिला नाव कळायचं, तारीख कळायची, प्रकार कळायचा, बाजार मात्र कळायचा नाही. वेनिंगने स्वतःच्या डोक्याने एक फिल्टर लिहिला आणि तो शोधाला जोडला. तारीख घ्यायची, दिवस मोजायचे, पाचाने भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून बाजार ठरवायचा. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले होते, हा हौसेचा मामला आहे, घरच्या वेळात करा. तिने केला.

आणि उद्या सकाळी ट्रक येणार होता. मूळ टेपा राजधानीतल्या गोदामात जाणार होत्या, पाक दिर्जोंची खुर्चीही जाणार होती. उद्यापासून शोधात सापडेल तेवढंच या केंद्रापाशी उरणार, बाकीचं असून नसल्यासारखं.

"असेल कुणीतरी पुसलेली," वेनिंग म्हणाली. "तेव्हा टेपा पुसून पुन्हा वापरायचे ना?"

"वापरायचे."

"मग ती नसेलच."

पाक दिर्जोंनी सेराबी न खाता पान पुन्हा गुंडाळलं. हल्ली ते विसरायला लागले होते. परवा त्यांचा चष्मा भाताच्या पातेल्यात सापडला, आणि ही गोष्ट त्यांनीच सगळ्यांना हसत हसत सांगितली होती. पण सांगताना डोळे हसत नव्हते, हे वेनिंगने पाहिलं होतं.

"तुझ्या यंत्राला वार कळतो," ते म्हणाले, "बाजारही शिकवलास. पण अजून ते इथलं झालं नाही, पोरी. राहू दे. चहा घे."

तिला ते 'राहू दे' फार लागलं. चूक दाखवून त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने फिल्टर पुन्हा उघडला, ओळ न् ओळ तपासली. भागाकार बरोबर, बाकी बरोबर. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या दहा तारखा तिने घालून पाहिल्या, दहाही बरोबर आल्या. मग चुकतंय कुठे, याचा तिला काही केल्या थांग लागेना.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"येताना पितरांना वाहायला फुलं आण गं. गुलाब आण, आणि सोनचाफा मिळाला तर बघ. मागच्या वेळी विसरलीस आणि मला शेजारणीकडे हात पसरावा लागला."

"आणते, आई. कामात आहे मी."

"कामात तू जन्मापासून आहेस. आज शुक्रवारची रात्र आहे, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं."

"आहे ध्यानात."

तिने फोन ठेवला. समोरच्या कॅलेंडरवर आज गुरुवार होता. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सूर्य बुडाला की दुसरा दिवस लागतो, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. गुरुवारची संध्याकाळ ही शुक्रवारची रात्र, मंगळवारची संध्याकाळ ही बुधवारची रात्र. या गावात कुठलंही पोर हे सांगेल. आणि तिने कार्यालयात बसून, शिकल्यासवरल्यासारखं, दिवस मध्यरात्री बदलणारा फिल्टर लिहिला होता. सकाळचे अठरा प्रश्न दुपारच्या कार्यक्रमांचे होते, म्हणून तिची अब्रू वाचली होती.

"पाक, गाणं रात्री लागलं होतं?"

"गिऱ्हाइकाने बुधवार पोन सांगितलं. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही."

प्रक्षेपणाची वेळ प्रत्येक नोंदीत होतीच. तिने दोन ओळी वाढवल्या. वेळ सहाच्या पुढची असेल तर एक दिवस मिळवायचा.

"सहा नको, साडेपाच घे," मागून आवाज आला. "डोंगराआड सूर्य लवकर जातो." म्हातारा खुर्ची ओढून अगदी तिच्या खांद्याशी येऊन बसला होता.

तिने कळ दाबली. एक नोंद आली. मंगळवार, सहा जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळी साडेसात. क्रोंचोंग, गायिका अज्ञात.

"लाव," पाक दिर्जो म्हणाले.

आधी निवेदकाचा जुन्या वळणाचा भारदस्त आवाज आला, मग तारा छेडल्या गेल्या. मुलगी ठरल्या जागेच्या जरा आधीच सुरू झाली, चूक लक्षात येऊन क्षणभर अडखळली आणि मग सावरली. आवाज कोवळा होता, फार तयारीचा नव्हता, पण त्यात काहीतरी असं होतं की वेनिंगने माउसवरचा हात काढून घेतला. बाजूला पाक दिर्जोंचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. मुलगी जिथे अडखळली, तिथे ते बोटही अडखळलं होतं.

वेनिंगने नोंदीला जोडलेलं कार्ड उघडलं. टेप कुणी कधी बाहेर काढली ते या कार्डावर लिहिलं जाई. चव्वेचाळीस वर्षं ते कोरं होतं. मग दोन वर्षांपूर्वीपासून ओळीने सह्या होत्या, एकवीस सह्या, सगळ्या एकाच हाताच्या. सगळे मंगळवार, संध्याकाळचे. एकातून दुसरी तारीख वजा करायची गरजच नव्हती, तरी तिने केली. पस्तीस. पुढची पस्तीस. त्याच्याही पुढची पस्तीस.

दोन वर्षांपूर्वी पाक दिर्जोंच्या पत्नी, बू दिर्जो, गेल्या होत्या. अंत्यविधीला सगळं केंद्र गेलं होतं.

"तुम्हाला टेप कुठे आहे ते माहीत होतं," ती म्हणाली.

"तिसरी रांग, खालचा कप्पा. डोळे मिटून काढीन."

"आणि आधीची चव्वेचाळीस वर्षं?"

"जिवंत बाई घरात गुणगुणत असताना टेप कोण ऐकतो?" ते हसले. "आमटी करपवायची, पण गाणं अर्ध्यावर सोडायची नाही."

वेनिंगला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला की सबंध दिवस या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. तिने नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि 'अज्ञात' या शब्दावर खूण नेली. मग तिच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं ती बाईंना नवऱ्याच्या नावाने बू दिर्जोच म्हणत आली होती, त्यांचं स्वतःचं नाव तिला माहीतच नव्हतं.

"नाव सांगा, पाक. मी भरते."

"नको."

"अहो, पण का?"

"तिचे वडील मदरशात शिकवायचे. घरी मैत्रिणीकडे जाते सांगून आली होती. कार्ड लिहायला मी बसलो होतो, चोवीस वर्षांचा. म्हणाली, दादा, नाव लिहू नका, माझी शपथ आहे. मी म्हटलं, नाही लिहीत. पुढे आमचं लग्न झालं, सासरे वारले, ती स्वतःही गेली. पण शपथ मोडायला तिने सांगितलं नाही."

"मग कुणाला कळणार कशी ती?"

"नावाने नाहीच कळणार. म्हणून तर तुला बुधवार पोन विचारला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मला तिचा दिवस आठवतोय तोवर ठीक आहे. पण डोकं गळतंय माझं. आता ते तुझ्या यंत्राला आठवायला हवं."

वेनिंगने दुरुस्तीची चौकट बंद केली. 'अज्ञात' तसंच राहिलं.

पाक दिर्जो उठले. सेराबीचं पुडकं त्यांनी तिच्या टेबलावर ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि दाराशी गेले.

"सगळं पुसून टाक आणि पुन्हा पहिल्यापासून शोध. मी बाहेर उभा राहतो."

"आता बाहेर कशाला?"

"मी इथे नाही असं समज."

दार लागलं. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. वेनिंगने सगळ्या चौकटी रिकाम्या केल्या आणि पुन्हा एकेक खूण केली. बुधवार, पोन, क्रोंचोंग, अज्ञात. नोंद आली. तिने आवाज मोठा केला, दारापलीकडे जाईल इतका.

मुलगी पुन्हा जरा आधीच सुरू झाली, अडखळली, सावरली. काचेतली पाठ हलली नाही. मग पहिलं कडवं संपायच्या आतच, खात्री पटल्यासारखे, पाक दिर्जो वळले आणि सावकाश जिना चढून निघून गेले. गाणं अर्ध्यावर टाकून गेलेले ते तिने पहिल्यांदाच पाहिले. वेनिंगने ते बंद केलं नाही, शेवटपर्यंत चालू दिलं.