समोरून पाहा

तुषारने आपल्या काकाचा, दादारावचा, फोटो रामाकोना गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि दादारावचं घराबाहेर पडणं बंद झालं. फोटोत तो आपल्याच घरात आरशासमोर उभा होता, बायकोची जांभळी साडी नेसून, पदर सारखा करत. प्रमिलाला हे लग्नापासून ठाऊक होतं. दिवसभर संत्र्याचे क्रेट ट्रकवर चढवून आलेला आपला नवरा आंघोळीनंतर साडी नेसला की त्याचा जीव थाऱ्यावर येतो, एवढंच तिला कळत होतं आणि तेवढं तिला पुरत होतं. गावाला पुरलं नाही. दारावरून जाणारे शिट्ट्या मारू लागले, 'दादाबाई' म्हणून हाका देऊ लागले. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं.

सौसरच्या बाजाराच्या दिवशी मात्र दादाराव तीच साडी नेसून अंगणात आला.

प्रमिला पाहतच राहिली. "असेच येता का बाजारात?"

"फोनात पाह्यलं ना सगळ्यायनं? आता समोरून पाहा म्हणा."

तिने पिशवी उचलली आणि दाराला कडी घातली.

बसमध्ये कंडक्टरने आधी साडी पाहिली, मग मिशी. "दोन तिकिटं?"

"दोनच. साडीचं येगळं लागते का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. दादारावच्या बाजूने हसलं की त्याच्यावर, कळलं नाही.

बाजारात भाजीच्या रांगेत शिरताच आवाज एकदम थांबले आणि मग दुपटीने सुरू झाले. मोबाईल वर झाले. दादारावने निऱ्या घट्ट धरल्या. पण प्रमिला वांगी निवडायला बसली, तसा तोही बसला.

तेवढ्यात रघुनाथराव समोर उभे राहिले. दोघं नवरा-बायको हंगामात त्यांच्याच शेतात कामाला जात.

"दादाराव, काय तमाशा लावला बे हा? गावाची इज्जत घालवून राह्यला तू."

दादारावच्या आधी प्रमिलाच उठली. "मालक, दिवाळीपासून मी याहीचा शर्ट घालून तुमच्या वावरात कापूस येचून राह्यली. तवा नाही गेली कोणाची इज्जत?"

"बाईचं येगळं असते."

"काहून येगळं?" दादारावने विचारलं. "लाज नाही राह्यली," असं पुटपुटत रघुनाथराव निघून गेले.

गर्दीला चेव आला. सागर नावाच्या एका पोराने मित्रांकडे डोळा मारत मागून पदर ओढला. पिन तुटली. दादारावने वळून त्याचं मनगट पकडलं. क्रेट उचलणारा हात तो, पोराचं हसू जागच्या जागी मावळलं.

"बाईचा पदर वढला असता तं याच लोकायनं तुले तुडवलं असतं. माहा वढला तं हासून राह्यले. साडी तं तेच हाये ना बे?"

वांगेवाली ओरडली, "सोड रे त्याले, अन् तू व्हय पलीकडे, मुडद्या!" शेवटचं तिने सागरला म्हटलं. मग आपल्या पोलक्याची पिन काढून तिने दादारावपुढे धरली. "खोच. अन् वांगे घेता की नाही?"

परतीच्या बसला वेळ होता. कोपऱ्यावरच्या टपरीवर बाकावर बसलेली दोन माणसं काचेच्या गिलासातून चहा पीत होती. चहावाल्याने दादारावपुढे कागदाचा कप सरकवला.

"कागदाचा नको. याईले देला तसा गिलास दे."

"त्यात काय होते?"

"माह्या बापाले बी लोक येगळ्या कपात चहा देत. तो भांडला. मी त्याचाच पोरगा हावो."

चहावाल्याने एक गिलास विसळला आणि भरला. दुसरा प्रमिलाला दिला. बाकावरची दोघं उठून गेली.

"बरं झालं," प्रमिला बसत म्हणाली, "ऐसपैस झालं."

दादाराव तिच्या शेजारी टेकला, तसा चहा त्याच्या पदरावर सांडला.

"डाग पडीन," ती म्हणाली.

"पडू दे."

रस्त्यापलीकडे कोणीतरी अजूनही शूटिंग करत होतं. दादारावने तिकडे तोंड करून सावकाश फुंकर घालत चहा संपवला आणि रिकामा गिलास पुढे केला.

"अजून एक दे गा. अद्रक जास्त टाक."