दात वर करून टाकलेलं दाताळं

मित्रांनो, मी एक जुनं दाताळं आहे. दांडा बाभळीचा, दात लोखंडाचे, आणि डूख धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

निमगाव केतकीच्या बाजारातून मेहबूबबींनी मला काटेवाडीला आणलं. त्यांच्या शेडमध्ये कोंबड्यांखाली भाताचं तूस अंथरलेलं असे. रोज सकाळी त्या माझ्याकडून ते खालीवर करून घेत, मग मूठभर दाबून बघत. गोळा झाला की ओल आली समजायची आणि तेवढं काढून कोरडं टाकायचं. पिल्लांच्या तलंगा व्हायच्या, तलंगा अंड्यावर यायच्या, आणि मेहबूबबी शेजारणींना सांगायच्या, "माज्या दाताळ्याची किरपा हाय!" मी फुगून जायचं.

यंदा एक बदामी पिल्लू माझ्या दांड्यावर चढून झोपायचं. माझा जीव जडला तिच्यावर. मोठी झाली, तुरा लाल व्हायला लागला, पहिलं अंडं आता आलंच म्हणायचं. तेवढ्यात मेहबूबबी लेकीच्या बाळंतपणाला इंदापूरला निघाल्या. शेड सोपवली पुतण्याकडे, सद्दामकडे.

"रोज तूस हलीव बाबा."

"व्हय चाची, तुमी बिनघोर जावा."

चाचीची पाठ वळली आणि त्यानं मला कोपऱ्यात भिरकावलं, दात वर. "कोंबड्यांला काय रोज गादी झाडून द्यायची हाय?"

पाण्याची भांडी सांडत राहिली. तूस भिजून त्याची ढेकळं झाली, मी त्यात बुडालं. सद्दाम एमआयडीसीतून यायचा, दारातूनच खाद्य टाकून जायचा. ओल्या तुसातून उठणारा झोंबरा वास त्याच्या नाकापर्यंत फारसा पोचतच नव्हता. खाली मात्र तलंगांचे डोळे चुरचुरत होते, पाय चिघळत होते. माझ्या बदामीचा एक डोळा मिटला तो मिटलाच. मला रडता येत नाही. मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

एके दिवशी त्याच्याकडे पाहुणे आले. तो शेडमध्ये शिरला. "ही आंधळी काय अंडी देतीय? हिलाच कापू." बदामी धडपडत माझ्या कोपऱ्यात आली. तो मागोमाग धावला आणि त्याचा कंपनीचा बूट नेमका माझ्या दातांवर पडला.

माझा दांडा सपकन उठला. असा हाणला कपाळावर, की आजही आठवून बरं वाटतं!

सद्दाम भेलकांडून पालथा पडला, तोंड थेट ओल्या तुसात. "आयायाया! डोळं गेलं माझं!" खोकत, नाक धरत तो उठून बसला. समोरच्या तलंगांचे चिघळलेले पाय त्याला दिसले. "ह्यात ऱ्हाताय व्हय गं तुमी?"

त्या दिवशी पाहुण्यांना डाळभात मिळाला. दुसऱ्या सकाळी कपाळावर टेंगूळ घेऊन तो मला उचलायला आला.

बदामीनं उशिरा का होईना, अंडं दिलं. सद्दाम आता माझे दात पुसतो, तोंड खाली करून मला भिंतीला टेकवतो. तरी मी त्याला माफ केलेलं नाही. बदामीचा डोळा उघडेल त्या दिवशी बघू.

मित्रांनो, कोंबड्या पाळाल तर रोज एकदा गुडघे टेकून त्यांच्या उंचीवर नाक न्या. कंटाळा आला तर नका नेऊ. तुमच्याही कोपऱ्यात एखादं दाताळं पडलेलं असेलच.