पाळण्यात राहिलेला वरवंटा

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे जेवढे वजन असते, जवळजवळ तेवढेच माझे आहे. मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि चतुराबाई लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यातल्या घरी आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत मीही आलो. मिरची, लसूण, भिजलेली डाळ, सगळे मी पाट्यावर वाटले. चटणीचे कौतुक झाले की चतुराबाई माझ्याकडे बोट दाखवत.

माझे आणखी एक काम होते. घरात बारसे असले की मला धुऊन, कुंची घालून, बाळाच्या आधी पाळण्यात निजवत. बाळ दगडासारखे टणक व्हावे, आणि काही वाईट यायचेच असेल तर ते आधी माझ्यावर यावे, असा त्यामागचा हेतू. दोन झोके झाले की मला बाहेर काढत आणि बाळाला आत ठेवत. चतुराबाईंच्या सोमनाथच्या आधी मी तिथे निजलो होतो, पुढे सोमनाथच्या ओमच्या आधीही. त्या दोन झोक्यांत मला कधी काही वाटले नाही.

मग मिक्सर आला आणि मी मोरीच्या कोपऱ्यात गेलो.

सोमनाथ अंबडच्या कारखान्यात होता. सत्त्याण्णव साली त्याला यंत्र बसवायला काठमांडूला पाठवले. तो राहत होता त्या घरासमोर एक बालगृह होते. परत आला तो तिथल्या एका तान्ह्या मुलीचा फोटो घेऊन. त्याने आणि त्याची पत्नी उज्वलाने तिला दत्तक घ्यायचे ठरवले. ओम तेव्हा सात वर्षांचा होता.

"पोटचं लेकरू असताना परमुलखातून आणायचं?" शेजारच्या भागुबाईंनी विचारले. "मिक्सर आणल्यागत?"

"मिक्सरची तरी ग्यारंटी असती, भागुबाई," चतुराबाई म्हणाल्या. "तुझ्या पोटच्याची कुठं होती?"

अर्ज गेले, घरी चौकशी झाली. मुलीचे नाव ठरले दिशा. माळ्यावरचा पाळणा खाली आला. पण ओम जाता-येता त्याला झोका देऊ लागला. रिकामा पाळणा हलवू नये, त्याने बाळाचे पोट दुखते, असे आमच्याकडे मानतात. म्हणून चतुराबाईंनी मला कुंची घातली आणि आत ठेवले.

"ती येईस्तोवर तू दिशा," त्या म्हणाल्या.

या वेळी मला कोणी बाहेर काढले नाही.

दोन देशांच्या परवानग्यांना दोन वर्षे लागली. तोवर जो तो मला झोका देई. "दिशा, झोपलीस का गं?" असे उज्वला विचारी. ओम मला गोष्टी सांगे. थंडीत मोरीतला हंडा गारठून जाई, पण मी कुंचीत कोमट राहू लागलो. वारा नसतानाही पाळण्याच्या कड्या करकरत. घरातली माणसे एकमेकांकडे पाहत आणि पुन्हा कामाला लागत. एका दुपारी स्वयंपाकघरातून भाताचा वास आला. मित्रांनो, मी दगड आहे. पण त्या दुपारी मला भूक लागली. मी ते कोणाला सांगणार?

मग ती आली. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फोटोतले बाळ होते. ही मात्र सोमनाथचे बोट धरून चालत आली. पाळण्यात तिचे पाय मावले नसते. तरी कोणी तो काढला नाही, आणि मलाही नाही.

ती बोलेना, खाईना. "दिशा, ये गं," अशी हाक मारली की ती पाळण्याकडे पाही. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई महिन्याने पाहायला येणार होत्या. मुलगी रुळली नाही तर तिला परत न्यावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगून ठेवले होते. मुलीचे मनगट रोज बारीक होत चालले होते.

अशात माझ्या कुंचीत भाताची शिते सापडू लागली.

"ओम, तू टाकतोस का रे?"

"नाही, आजी. मला वाटलं, तूच."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे दाराआड उभे राहिले. ती मुलगी आली. टाचा उंचावून तिने मुठीतला भात माझ्या कुंचीत, तोंड असते तिथे ठेवला.

"अगं, तू का खात नाय मग?" चतुराबाईंनी विचारले.

तिने माझ्याकडे बोट दाखवले. "दिशा," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवला. "भोक."

तिच्या भाषेत भूक. घरात कोणी हलले नाही. पाळणा हलत होता.

उज्वला तिच्यासमोर खाली बसली. "आणि तू कोण?"

"माया."

बालगृहाच्या कागदांवरचे हे नाव सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. आजवर कोणी त्या नावाने तिला हाक मारली नव्हती.

चतुराबाईंनी मला उचलले, माझी कुंची काढली. "जा बाई, तुझं काम झालं," त्या हळूच म्हणाल्या. मग मला धुऊन पाट्यावर डाळ वाटली आणि धिरडी केली. त्यांनी मुलीला मांडीवर घेतले, तिच्या कानात कुर्र केले आणि तिचेच नाव तिला सांगितले. मायाने एक धिरडे खाल्ले. मग दुसरे मागितले.

संस्थेच्या बाई आल्या तेव्हा माया ओमशी भांडत होती. बाई हसल्या आणि चहा घेऊन गेल्या.

मित्रांनो, येणाऱ्यासाठी जागा जरूर करा. पण तो येण्याआधीच त्या जागेवर आपल्या मनातले कोणी निजवू नका. ज्याला रोज हाक मारावी, तो हळूहळू ओ देऊ लागतो. मी आता पुन्हा मोरीत असतो. माया मोठी झाली आहे. ती जाता-येता अजून माझ्यावर एक शीत ठेवते, आणि संध्याकाळपर्यंत ते तिथे नसते.